चाच्याच्या हाती कोकम

माझा थोरला भाऊ लवू हातखंब्याला पंक्चर काढतो. सदतीस वर्षं काढतो आहे. चार पत्रे, एक हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं, एवढंच त्याचं दुकान. पण दुकान नाक्यावर आहे. मुंबईला, गोव्याला, कोल्हापूरला जाणारा आणि रत्नागिरीत उतरणारा, ज्याचं ज्याचं चाक बसतं तो तो या बाकड्यावर येऊन बसतो. आणि तो बसला की दादा टायरकडे बघतसुद्धा नाही. आधी विचारतो, "कुटं निगालाव?"

माणूस बिचारा खरं सांगतो. कोल्हापूर म्हणाला की दादा आत जाऊन एक पिशवी घेऊन येतो. "मंग हे तेवढं आमच्या आत्येकडं. वाटेवरच घर हाय." टायर घमेल्यात बुडालेला असताना माणूस पळून जाऊ शकत नाही, हे दादाला बरोबर ठाऊक आहे.

आमच्या घराण्याने आजवर कुरिअरचं तोंड पाहिलेलं नाही. कुळथाचं पीठ, सुकटीची पुडी, आमसुलं, फणसाची साठं, सगळं कोणा ना कोणा जाणाऱ्याच्या हाती गेलं. एकदा एका नवरदेवाच्या गाडीतून आत्याला दगडी वरवंटा गेला. नवरदेव तो मांडीवर घेऊन उतरला, असं आत्याने नंतर फोनवर सांगितलं. दादा स्वतः मात्र कुठे जात नाही. त्याला गाडी लागते.

मी सदू, त्याचा धाकटा भाऊ. टेलिफोन खात्यात होतो, आता निवृत्त. मला ही पद्धत मुळीच पसंत नाही. माणसाने पोस्टात जावं, वजन करावं, पावती घ्यावी. हे मी दादाला इतक्या वेळा सांगितलं की हल्ली मी तोंड उघडलं की तो पंप चालू करतो.

माझी मुलगी सानवी पुण्याच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते, तेही आमच्या पालीच्या घरात बसून. यंदा तिला पहिल्यांदाच स्वतःचा खेळ मिळाला होता. जुन्या काळातली आपली किनारपट्टी, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, पार मस्कतपर्यंत. खेळणाऱ्याने व्यापारी व्हायचं. बुद्धिबळासारखी एक चाल आपली, एक कॉम्प्युटरची. कंपनीच्या दीपाली मॅडम शनिवारी तो खेळून बघणार होत्या. पसंत पडला तर सानवी घरूनच तो पुरा करणार. नाही पडला तर सामान बांधून पुण्याला, पत्त्यांच्या खेळावर काम करायला. तिला जायचं नव्हतं. मलाही तिने जायला नको होतं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी एकटा असलो की रेडिओशी भांडतो.

घोडं अडलं होतं ते समुद्री चाच्यांपाशी. खेळात समुद्रावर मार्ग आखायचा, कुठून माल उचलायचा आणि कुठे उतरवायचा. एकदा रेघ ओढली की जहाजं दर चालीला तिच्यावरून ये-जा करतात. रेघ जवळची असेल तर चाचे तिथेच टपलेले. लांबची काढली तर माल उशिरा पोचतो आणि बंदर नाराज होतं. ऐकायला झकास. पण जे जे खेळले त्यांनी पहिल्या पाच चालींत तोफा घेतल्या, चाचे बुडवले आणि पुढच्या शंभर चाली जांभया देत कोकम वाहिलं. सानवीने चाच्यांना ताकद दिली, तर लोक दहाव्या चालीला वैतागून खेळ बंद करू लागले.

"चाच्यांना परवाना ठेव," मी सुचवलं. "दरवर्षी नूतनीकरण. ज्याच्याकडे कागद त्याचं जहाज सोडायचं."

"बाबा, पोर्तुगीज खरंच असले कागद द्यायचे," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलंत की ते रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं."

मुलगी शिकली की असं होतं.

रविवारी दादा सायकल मारत जेवायला आला. सानवीला असा माणूस हवा होता ज्याने आयुष्यात कधी असला खेळ खेळलेला नाही. दादापेक्षा कोरी पाटी जिल्ह्यात मिळाली नसती. सुरमईचं कालवण हाणून तो कॉम्प्युटरसमोर बसला. सानवीने त्याच्या हातात माउस दिला आणि सांगितलं, "काका, रत्नागिरीत चाळीस पोती कोकम आहे. मालवणला पोचवायचं. हे इथे जहाज विकत घ्या, इथे मार्ग आखा."

"जहाज कशाला?" दादा म्हणाला. "मालवनला जानारं कोन हाय काय?"

"काका, तसं नसतं. आपला मार्ग आपण आखायचा."

"आपन कशाला आखायचा? लोक जातातच की."

त्याने नकाशावर बोट फिरवलं. एक काळ्या शिडाचं गलबत दिसलं. चाचणी चालू असल्यामुळे कोणतं गलबत पुढे कुठे जाणार हे सानवीने उघड ठेवलं होतं. गलबतावर मालवण असं लिहून आलं. दादाचा चेहरा खुलला.

"हा बग. हा चाललाय."

"काका, तो चाचा आहे. लुटारू."

"असूंदे. मालवनलाच चाललाय ना?"

आता खेळात अशी सोय होती की चाच्याने गाठलं तर लढायचं, पळायचं किंवा मुकाट्याने माल देऊन टाकायचा. चाच्याने न मागता माल देणारा माणूस सानवीच्या स्वप्नातही आला नव्हता, म्हणून तसं करायला तिने मनाईही ठेवली नव्हती. दादाने चाळीस पोती चाच्याला दिली. चाचा मालवणला गेला आणि लुटीचा माल विकायचा या आपल्या धर्माप्रमाणे त्याने कोकम बाजारात उतरवलं. पोत्यांवर मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं होतं. ते पुसायला सानवी विसरली होती. मालवणकर खूश झाले आणि पडद्यावर अक्षरं आली, लवू व्यापारी यांचा माल वेळेत पोचला.

"पोचला," दादा म्हणाला आणि त्याने पुढचा जाणारा शोधायला घेतला.

तो तीन तास हलला नाही. मस्कतला निघालेल्या चाच्याच्या हाती सुपारी दिली. जयगडला निघालेल्याच्या हाती मीठ. एकाला तर दाभोळसाठी तीन घोडे दिले आणि वर मला म्हणाला, "मानूस बरा वाटला." साठाव्या चालीला दादाच्या मालकीचं एक होडकंसुद्धा नव्हतं आणि तो किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा व्यापारी झाला होता. चाचे त्याच्या सामानाने इतके भरले होते की कोणाला लुटायला त्यांच्या गलबतात जागाच उरली नव्हती. समुद्रावर शांतता नांदत होती.

सानवीने डोकं टेबलावर टेकलं. मला वाटलं रडते आहे. तिचे खांदे हलत होते. बघतो तर हसत होती, आणि मग खरोखरच रडायला लागली, कारण शनिवार सहा दिवसांवर होता आणि तिचा खेळ एका पंक्चरवाल्याने मोडला होता.

सोमवारी तिने चूक सुधारली. चाच्याला माल दिला की तो त्याचा, नाव पुसलं. संध्याकाळी दादाला दाखवलं तर तो असा भडकला की विचारू नका. एक पोतंसुद्धा पोचलं नाही.

"नाव लिवलेला खोका फोडतो काय कोन?" तो म्हणाला. "ही मानसं खोटी हायेत."

"काका, ते चाचे आहेत. फोडणं हाच त्यांचा धंदा."

"धंदा येगला आनि विश्वासानं दिलेलं येगलं. माज्याकडं काय सगले संतच येऊन बसतात? गेल्या साली एकजन बसला, मागनं पोलीस आले, तेव्हा समजला चोर होता म्हनून. पन आत्येची पुडी आदल्या दिवशी पोचलेली."

हे मात्र खरं होतं. त्या चोराने आत्याला नमस्कारही केला होता.

सानवी दोन दिवस त्या पोत्यांकडेच बघत बसली. मग तिने नाव परत पोत्यांवर चढवलं आणि दादाची पद्धत नियम म्हणूनच खेळात घातली. चाच्याच्या हाती माल द्यायचा. आधी त्याला बंदरात जेवू घालायचं, ही दादाची अट. तरीही शंभरात एखादा दगा देणार, नाहीतर ते चाचे कसले, पोस्टमनच म्हणायचे. मला पोस्टमन आवडतात, पण माझं कोणी विचारलं नाही.

शनिवारी बारा वाजता दीपाली मॅडम पडद्यावर आल्या. चष्मा, आखूड केस, बोलणं मोजकं. दादा त्याच वेळी टपकला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. मॅडमनी पहिल्या चाच्याला बिचकत तांदूळ दिले. पोचले. दुसऱ्याला मीठ दिलं, पोचलं. त्या हसल्या. तिसऱ्याला त्यांनी होतं नव्हतं ते सगळं दिलं, आणि नशीब असं की तोच नेमका दगाबाज निघाला. तो माल घेऊन गेला तो गेलाच.

मॅडमचं हसणं थांबलं. "सानवी, कल्पना फार गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण इथेच ती संपते. एकदा फसलेला माणूस पुन्हा कशाला देईल? तो तोफा घेईल आणि आपण परत त्याच जांभयांवर येऊ. याला उत्तर आहे का तुझ्याकडे?"

सानवीने कागद चाळले, पाण्याचा घोट घेतला. मी मनातल्या मनात तिची बॅग भरायला लागलो होतो.

तेवढ्यात दादा खुर्ची ओढत पुढे आला आणि त्याचं तोंड पडदाभर झालं.

"बाय, मी सांगतो. सदतीस वर्सांत मना एकानंच फसवलान. आमची बहीन मथुरा डोंबिवलीला दिलेली. पयलटकरीन होती. तिला आंब्याचे डोहाळे. मी चोवीस हापूस निवडून खोका भरला आनि एका जानाऱ्याच्या हाती दिला. त्यानं यष्टीत खोका फोडलान. तिचं कार्ड आलं, सात आंबे पोचले, फार गोड होते."

तो जाणारा मी होतो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, खात्याच्या परीक्षेला मुंबईला निघालो होतो. माणगावला भूक लागली. एक काढला. शेजारी एक साहेबासारखा माणूस होता, त्याच्यासमोर एकट्याने कसा खायचा म्हणून त्याला दिला. मग मागच्या बाईच्या पोराला, मग कंडक्टरला. पनवेलपर्यंत आख्खी यष्टी मला नावाने ओळखत होती. मथुरेला मी सांगितलं, दादाने यंदा सातच पाठवले. दादा मला यावर कधी एक शब्दही बोलला नव्हता. मी इतकी वर्षं समजत होतो की त्याला कळलंच नाही. आणि त्याला पावत्यांचं महत्त्व शिकवत होतो.

"मग तुम्ही त्या माणसाचं काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"काय करनार? पुढल्या साली पुन्हा त्याच्याच हाती दिला खोका."

"का?"

"एक तर जानारा तोच होता," दादा म्हणाला. "आनि त्याला पन एकदा तरी सगले पोचवायला मिलायला हवेत की. न्हायतर जन्मभर तो सात आंब्यांचाच रायला असता."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "पोचले?"

"चोवीस दिलेले. पंचवीस पोचले."

तो पंचविसावा मी दादरच्या बाजारात विकत घेतला होता. तोही त्याला माहीत होता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सानवी, हा नियम घाल," त्या म्हणाल्या. "दगा दिलेल्या चाच्याला पुढच्या हंगामात परत माल दिला, तर तो एक पोतं जास्त आणून देईल. धीर असेल त्याने द्यावा. बाकीचं घरूनच पुरं कर."

सानवीने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला आणि लगेच सोडून लिहायला घेतलं. तिची बोटं भराभर चालत होती. मधेच थांबून तिने विचारलं, "काका, पण या एका चाच्याला स्वतःचं नाव हवं. त्या माणसाचं नाव काय होतं?"

दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाव कशाला गो?" तो म्हणाला. "सुदारला ना तो. दे कायतरी मनचं."

मी खुर्ची पुढे ओढली. मॅडम अजून पडद्यावरच होत्या.

"सदू लिही," मी म्हटलं.