रिंगला हात लावू नकोस

अनूचा फोन आला तेव्हा मी अ‍ॅशबर्नला ऑफिसात होते. अनू म्हणजे दादाची मुलगी. "आत्या, बाबा... ही इज गॉन," एवढंच म्हणाली. त्या सकाळी दादाने वेस्ट विंडसरच्या घरामागच्या मेपलच्या दोन झाडांना रस काढायच्या नळ्या ठोकल्या, बादल्या अडकवल्या, आत येऊन खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. मी पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. जो तो मला "स्ट्राँग राहा" सांगत होता. मागच्या अंगणात रस टपटपत होता, आणि मला त्या झाडांचा भयंकर राग आला.

मेपल सिरपचं वेड दादाला हे घर घेतल्यापासूनचं. झाडाचा रस दिसायला पाणीच, जेमतेम गोड; बादल्याच्या बादल्या आटवाव्या तेव्हा बाटलीभर सिरप हाती येतं. पण कुठे थांबायचं? आई लाडवांचा पाक बोटांत धरून बघायची, तसं याने पहिल्या वर्षी चक्क एकतारी होईपर्यंत आटवलं! महिन्याभरात बाटल्यांच्या तळाशी खडीसाखर. "आता लाडूच वळा," वहिनी म्हणाली. मग साहेब अभ्यासाला लागले. गोडी मोजायचा हायड्रोमीटर तरंगायलाच उंच भांडंभर सिरप लागतं, दोन झाडांत तेवढं कुठून आणणार? दुर्बिणीसारख्या नळीतून बघायच्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात. मोठ्या तोऱ्यात मागवला, तर तो निघाला कच्च्या रसाचा. त्याची साखरेच्या टक्क्यांची पट्टी बत्तिसालाच संपायची, सिरप घातलं की आत नुसतं पांढरं. दुसरा नव्वदपर्यंतचा आणला तेव्हा कुठे जमलं. काचेवर थेंब, वर झाकण, थेंब जरा निवू द्यायचा. मग चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला, नळी उजेडाकडे. निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ वर सरकत सहासष्टावर आली की ओरडायचा, "ऑफ कर, ऑफ कर!" मी बघायला गेले की डोळ्याकडच्या फोकसच्या रिंगवरून आधी दम... "रिंगला हात लावू नकोस यार, माझ्या डोळ्याला सेट केलीय." दादाच्या नंबरातून मला कधीच काही दिसलं नाही. मी आपली "हो, दिसली" म्हणायचे.

सगळं उरकल्यावर अनूने विचारलं, "आत्या, शुड वी जस्ट डंप इट?" बादल्या भरल्या होत्या आणि तो रस फार टिकत नाही. वहिनी आतून आली. "नको. त्याचं एवढं शेवटचं करून दे मला."

मी अंगणात गॅस पेटवला. दिवसभर आटवत होते. वहिनी खिडकीतून हलली नाही. फेस चढायला लागला तसा थेंब काचेवर घेतला, निवू दिला, डोळा लावला. सगळं धूसर. रडून असेल म्हणून डोळे पुसले. तरी धूसरच. मागे सिरप दाट होत चाललेलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर पुन्हा खडीसाखर झाली असती. मी रिंग फिरवली. रेघ लख्ख झाली, बरोबर सहासष्ट! गॅस बंद केला आणि ओरडले, "वहिनी, जमलं!"

आणि मग हातातल्या यंत्राकडे, मी फिरवलेल्या दादाच्या रिंगकडे लक्ष गेलं.

याला आता काही आठवडे झाले. बाटली वहिनीच्या ओट्याजवळ आहे, तळाशी एक कण नाही. ती कुणी उघडत नाही, उघडेल असं वाटतही नाही. लोक म्हणतात वेळ जाऊ दे. वेळ जातोय, बाकी काही होत नाही. गेल्या शनिवारी मी तिकडे गेले तेव्हा वहिनीने ते यंत्र उचललं, डोळ्याला लावलं आणि विचारलं, "त्याला असं दिसायचं का गं?"

मी "हो" म्हणाले. ती आत गेल्यावर रिंग थोडी मागे फिरवली, थोडी पुढे, परत मागे... दादाने ती कुठे ठेवली होती, मला आठवत नाही.