बोरथळ नावाचा लाल दुवा

चुका दुरुस्त करायला बसलं की चुका कमी होत नाहीत, किस्से मात्र वाढतात! आम्ही तिघं दर रविवारी सकाळी रत्नागिरीत वाचनालयाच्या मागच्या टेबलावर बसतो आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातल्या चुका काढतो. तिथे कोणीही लिहावं, कोणीही खोडावं. मी म्हणजे कांबळे, रिटायर्ड क्लार्क. सर मराठीचे रिटायर्ड शिक्षक. आणि मिरकरवाड्यातली शबाना, बर्फाच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. लॅपटॉप तिचा, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच.

*

पहिल्याच रविवारी सरांना एक चुकलेला स्वल्पविराम दिसला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि थेट स्क्रीनवर गोल केला!

"सर!" शबाना किंचाळली. "माझा लॅपटॉप आहे तो, उत्तरपत्रिका नाही!"

पुढे सर टायपिंग शिकले. प्रत्येक दुरुस्तीखाली एक चौकट असते, 'दुरुस्तीचं कारण लिहा'. कोणीतरी एका पानावर पूर्णविरामच दिले नव्हते. सरांनी ते सगळे दिले आणि कारण लिहिलं, 'दहापैकी चार. उद्या पालकांना घेऊन येणे.'

दोन दिवसांनी त्या माणसाचं उत्तर आलं. 'सर, तुम्हीच ना? वडील आता चालू शकत नाहीत. मी एकटा आलो तर चालेल?'

*

'बांगडा' या शब्दावर क्लिक केलं की तारली या भलत्याच माशाचा फोटो उघडायचा. शबानाची आई लिलावात मासळी विकते. तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "बांगडा म्हणून हे माझ्या पाटीत टाकलं कुणी, तर पाटी त्याच्याच डोक्यावर पालथी करीन!"

शबानाने फोटो बदलला. लगेच 'नीटनेटका' नावाच्या एका संपादकाने विचारलं, 'या विषयातली आपली पात्रता काय?'

शबानाने टाइप केलं, 'माझ्या पोटात गेलेले बांगडे. तुमची?'

तो फोटो अजून आहे.

*

आता माझी फजिती. ज्ञानकोशात एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला दुवा देतात. पान असेल तर दुवा निळा दिसतो, नसेल तर लाल. मला हे इतकं आवडलं की मी एका पानावरच्या दिसेल त्या शब्दाला दुवा दिला. पाऊस, भात, चुलता, काही सोडलं नाही.

सर चष्मा वर करून म्हणाले, "कांबळे, आमच्या आईने धोतराला एवढी नीळ कधी घातली नव्हती!"

मी म्हटलं, "सर, निळा रंग आमचाच. थोडा जास्त झाला तर चालवून घ्या!"

सर एवढे हसले की ग्रंथपाल बाई उठून आल्या.

*

तालुक्यातल्या गावांच्या यादीत सगळी गावं निळी. एकच लाल, आमचं बोरथळ. मालगुंडच्या आतल्या अंगाला चाळीस घरं, त्यातले निम्मे पुरुष मुंबईला. नीटनेटक्याने तो दुवा काढून टाकला. कारण, 'लाल दुवा म्हणजे चूक.' मी परत घातला, त्याने परत काढला. असं नऊ वेळा!

सर म्हणाले, "लाल म्हणजे चूक, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. आज मागे घेतो. घाल दहाव्यांदा!"

मग आम्ही बोरथळचं पानच लिहिलं. शाळा, विहार, विहीर. शेवटी मी एक वाक्य टाकलं, 'गावाच्या फाट्यावर बस थांबत नाही.' खोटं काय त्यात? ऐंशी वर्षांची माझी आत्या डोळ्यांच्या औषधासाठी मालगुंडपर्यंत चालत जायची.

दुसऱ्या दिवशी पानावर नीटनेटक्याची नोटीस. 'हे गाव आहे याचा पुरावा सात दिवसांत द्या, नाहीतर पान वगळण्यात येईल.'

मला राग आला. खरंच राग आला. माझा बाप जिथे जन्मला आणि मेला, त्या गावाचा पुरावा!

*

आत्याला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"ऐंशी वर्सं मी हितं ऱ्हातंय, नि ह्यो मेला इच्यारतोय गाव हाय काय? बोर्ड लावा फाट्यावर. येवढा मोठा लावा, की त्येला घरात बसून दिसंल!"

आख्खी वाडी जमली. पत्रा आला, रंग आला, दोन खांब जांभ्यात पुरले. 'बोरथळ', पुरुषभर उंचीवर. खाली आत्या कमरेवर हात ठेवून उभी. शबानाने फोटो टाकला आणि सहाव्या दिवशी पानावरची नोटीस हटली.

पुढच्या सोमवारी आत्या औषधाला निघाली आणि त्याच बोर्डाखाली उभी राहिली. बस आली. ड्रायव्हरने बोर्ड बघितला, आत्या बघितली आणि करकचून ब्रेक मारला.

कंडक्टर दारातून म्हणाला, "आजी, इथं स्टॉप कधी झाला?"

आत्या वर चढली, सीटवर बसली आणि म्हणाली, "बोर्ड वाचलास ना? मग तिकीट फाड!"

त्या दिवसापासून बस थांबते.

रविवारी शबानाने बोरथळचं पान उघडलं. शेवटच्या वाक्यात 'थांबत नाही' खोडून 'थांबते' केलं. खाली चौकट आली, 'दुरुस्तीचं कारण लिहा'.

तिने लिहिलं, 'आत्या चढली.'