शेठ आता नाहीत

मशीन मस्कतहून आलं. शेठचा भाऊ ईदेला घरी आला तेव्हा त्याने अत्तर, ब्लँकेटं आणि ही काळी पेटी आणली. ती फोनला जोडायची. आत दोन छोट्या कॅसेटी. फोन कुणी उचलला नाही की एक कॅसेट आपण आधी भरून ठेवलेलं वाक्य बोलणार आणि दुसरी समोरच्याचा निरोप टिपून घेणार. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालवण बंदरावरच्या शेठच्या मासळीच्या ऑफिसात तोवर फोन उचलायचं काम मी करत होते. पेटी पाहिली आणि मी फोन माझ्याकडे सरकवून घेतला.

"तू जेवायला घरी जातेस तेव्हा फोन वाजत राहतो," शेठ म्हणाले. "तेवढ्यापुरतं."

तेवढ्यापुरतं! भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आज जेवणाची वेळ, उद्या अख्खा दिवस. वर शेठ म्हणाले, आवाज तुझाच भरायचा, लोकांच्या ओळखीचा आहे. तेव्हा तर माझी खात्रीच पटली की हा माणूस माझा आवाज ठेवून घेणार आणि मला घरी बसवणार. आमची चूल माझ्या पगारावर पेटत होती. आई कोळंबी सोलत बसली होती, तिला सांगितलं. मान वर न करता ती म्हणाली, "एकदा आवाज दिलंस, मगे तुका कोण बोलवता?"

एरवी फोनवर मी मालवणीच बोलत असे. पण ओरोसहून सरकारी साहेबांचेही फोन यायचे, म्हणून शेठनी शुद्ध मराठीत वाक्य ठरवलं. "शेठ आता नाहीत. आपला निरोप सांगा." माझ्यावर सोपवलं असतं तर मी 'शेठ हंय नाय, भायर आसत' म्हटलं असतं आणि पुढचं रामायण टळलं असतं. मी बटण दाबलं. नोकरी चालली, हाच विचार डोक्यात होता. 'आता'पाशी आवंढा गिळावा लागला, 'नाहीत' कसंबसं बाहेर पडलं. शेठनी ऐकून मान डोलावली. म्हणाले, "छान. सावकाश बोललीस."

शुक्रवारी दुपारी शेठ नमाजाला गेले, मी जेवायला. परत आलो तर पेटीवर लाल दिवा लागलेला. शेठनी हौसेने बटण दाबलं. आवाज बांद्याच्या एका व्यापाऱ्यांचा होता. आमची मासळी तेच पुढे गोव्यात पाठवत.

"बाय, ह्या कधी झाला गो? काल तर माझ्याशी बोलले." थोडा वेळ नुसती खरखर. "अगो, बोल गो. रडा नको. मी गाडी धरून येतंय." पुन्हा खरखर. "जेवलंस काय गो?" बराच वेळ ते उत्तराची वाट बघत राहिले. "जेवलंस काय?" मग एक हुंदका, आणि ट्रंक कॉलची वेळ संपून लाइन तुटली.

शेठनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मुद्दाम केलंस?"

"वाक्य तुमचं होतं."

"आवाज तुझा होता."

संध्याकाळी बांद्याचे ते व्यापारी एसटीने खरंच आले. शेठना चहा पिताना बघून दारातच मटकन बसले. आधी रडले, मग शेठना शिव्या घातल्या आणि शेवटी माझ्याकडे वळले. "इतक्या इचारलंय, एक शब्द बोलाक नाय तू." ते मशीन होतं हे परोपरीने सांगितलं, तरी त्यांचा राग जाईना.

मग आम्ही दुसरं वाक्य शोधायला बसलो. 'शेठ गेलेत' नको. 'शेठ आपल्यात नाहीत' तर त्याहून नको. 'शेठ येतीलच' हे शुभ, पण तेवढ्यावर साहेब लोक फोन धरून बसले असते. शेवटी कंटाळून शेठनी पेटी कपाटात टाकली. माझा संशय मात्र गेला नाही. कपाट उघडं दिसलं की पेटी जागेवर आहे ना, हे मी आधी बघून घेत असे. शेठनी तिचं नावही पुन्हा काढलं नाही, आणि नोकरीवरून मला कधी काही बोलले नाहीत.

काही वर्षांनी शेठ खरंच गेले. सकाळी छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं. त्यांच्या घरी बायकांची गर्दी होती. मी ऑफिसात येऊन फोनपाशी बसले, कारण लोकांना कळवायला कुणीतरी हवंच होतं. बांद्याहून त्याच व्यापाऱ्यांचा ट्रंक कॉल आला.

"शेठना दी गो."

"शेठ नाहीत," मी म्हटलं.

पलीकडून हसू आलं. "ती पेटी परत काढलंस काय?"

"पेटी नाय. मी बोलतंय."

"पेटी पण अशीच बोलता."

माझा आवाज पेटीत वाक्य भरलं त्या दिवशीसारखाच अडकत होता, त्याला मी काय करणार? मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. "कायव इचारा," मी म्हटलं. "पेटी उत्तर देवची नाय."

लाइनवर नुसती खरखर होती. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "जेवलंस काय गो?"

"नाय," मी म्हटलं.