‘खाजण’च्या पहिल्या अल्बममधला दुसरा आवाज

आमच्याकडे स्पीकर मध्येच घुमायला लागला की लोक म्हणतात, "देवचार इलो." मी म्हणतो, आधी अर्थिंग बघा! तीस वर्षं साउंड सर्व्हिस चालवतोय... डबलबारी, लग्नं, क्रिकेटच्या टूर्नामेंट. ज्या ज्या आवाजाला लोकांनी भूत ठरवलं, त्याच्या मुळाशी दरवेळी एखादी सडकी वायर निघाली. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण एका आवाजाची वायर मला आजतागायत सापडलेली नाही.

गाव आचऱ्याच्या अलीकडे, मालवण रस्त्याला. २००६ साल, दिवाळी नुकतीच आटोपलेली.

आमच्या गावात वामनबुवा म्हणून भजनी बुवा. डबलबारी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो — दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांची पिसं काढतात. वामनबुवांनी गजर धरला की समोरचा बुवा पाणी मागायचा. अशा माणसाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मग गळ्याला मफलर आणि हातात शाळेतल्या मुलांसारखी पाटी. पण पाटीवर लिहूनसुद्धा टोमणेच मारायचे हो!

त्यांचा मुलगा निल्या. त्याने दोन मित्रांना घेऊन बँड काढला, नाव ‘खाजण’, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल. प्रकार काय, तर मेलोडिक डेथ मेटल. मी म्हटलं, असेल काहीतरी पत्रे बडवायचं काम. एक दिवस तो दुकानात आला.

"दाजीकाका, आमका पयलो अल्बम करूचो आसा. शेवटच्या गाण्यात बाबांचो आवाज होयो. तुमच्याकडे ती कॅसेट आसा मां?"

ती कॅसेट म्हणजे बुवांच्या शेवटच्या बारीची. बुवा कोणाला टेप करू द्यायचे नाहीत, म्हणायचे, भजन समोर बसान ऐकूचा. त्या एका दिवशी मी गुपचूप बटण दाबलं होतं, आणि हे फक्त निल्याला माहीत होतं. त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

आणि मी त्यावर अंडरआर्म क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली होती. टूर्नामेंटच्या फायनलला कोरी कॅसेट मिळेना, हाताला लागली ती घातली. अक्कल गहाण, दुसरं काय! तोवर बुवांचं ऑपरेशन व्हायचं होतं, आवाज असा जाईल हे कोणाच्या मनात होतं?

"आसा रे, शोधतंय," मी म्हटलं. खोटं तोंडातून निघूनच गेलं. वर पापाची फेड म्हणून सांगितलं, तुझ्या अल्बमचं रेकॉर्डिंग मीच करणार.

आंब्याच्या पॅकिंगची एक शेड त्या दिवसांत रिकामी होती. लाकडी खोके आणि पेंढा आवाज छान पितात, घुमू देत नाहीत. तिथे आम्ही रोज दुपारी बसायचो.

पहिलं गाणं ऐकून मी कानांवर हात ठेवले, खोटं कशाला बोलू. निल्याचा आवाज म्हणजे रानडुक्कर कोंडल्यासारखा. पण दुसऱ्या गाण्यात गिटारची जी चाल वर चढत गेली... अहाहा! पेटीवर वाजवावी इतकी गोड. आणि तो ड्रमवाला पंकज, दोन्ही पायांनी असा सुटला की गजरात पखवाज दुगुनीत जातो ना, अगदी तसा. मात्रा एक चुकेल तर शपथ. तिघंही गुणी, आणि रियाज असा की आमच्या कित्येक बुवांनी शिकावा.

"असो वरडून घसो कसो रवता रे तुझो?" मी निल्याला विचारलं.

"बाबांनी शिकवलेलो श्वास, काका. घशातसून नाय, बेंबीच्या देठापासून."

शाबास रे वामनबुवांच्या पोरा, मी मनात म्हटलं. पण रोज निघताना तो कॅसेटचं विचारायचा, आणि मी काहीतरी थाप मारून वायरी गुंडाळायला लागायचो.

शेवटचं गाणं ‘हाकारो’, त्याच दिवाळीत निल्याने लिहिलेलं. रविवारी दुपारी तीनला ते घ्यायला बसलो. त्या दिवशी बुवाही आले, दाराजवळ खोक्यावर बसले, मांडीवर पाटी. "कॅसेट गावली?" निल्याने विचारलं. "मागसून जोडू," मी म्हटलं. जुन्या कॅसेटचा मी धसकाच घेतला होता, म्हणून सर्वांसमोर सील फोडून नवी घातली. गाणं एका दमात झालं. मध्ये पाहिलं तर बुवांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ताल मोजतायत.

मग हेडफोन लावून ऐकायला घेतलं. दुसऱ्या कडव्यापासून निल्याच्या गुरगुरीच्या मागे आणखी एक आवाज होता. मोकळा, वरच्या पट्टीतला. समेवर येण्याआधी किंचित अडखळून उचलायची लकब... वामनबुवा! मी कॅसेट मागे फिरवून परत ऐकलं. हेडफोन निल्याकडे दिला. तो ऐकता ऐकता खालीच बसला.

"काका... जोडलास पण?" त्याचे डोळे भरून आले होते.

नंतर मी काय काय तपासलं ते सांगून टाकतो. बुवांच्या आसपास माइक नव्हता. कॅसेट कोरी होती. मिक्सर खोलून पाहिला, प्रत्येक वायर बदलून पाहिली. आणि समजा, जुनी कॅसेट कुठून तरी मिसळलीच... तरी तो आवाज निल्याचे शब्द गात होता. ऑपरेशननंतर लिहिलेले शब्द! रेकॉर्डिंगमधल्या एका जाणकाराला ऐकवलं, तो म्हणाला, दोन माणसं एका खोलीत उभी राहून गायलीत. अल्बममध्ये ते गाणं तसंच आहे.

त्या दुपारी बुवांनी हेडफोन मागितला. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. पाटीवर लिहिलं, "परत लाय." मी परत लावलं. तीनदा लावलं. निल्या माझे हात धरून थँक्यू म्हणत होता, आणि मला ते सहन होईना. फुकटचा मान घ्यायला मी काय देव होतो?

"निल्या, मी कायएक जोडूक नाय," मी म्हटलं. "बुवानू, तुमची कॅसेट माझ्याकडसून पुसली गेली. तिच्यार क्रिकेटची कॉमेंट्री टेप केलंय मी."

बुवा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले... आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा तसंच दिसतं. त्यांनी मफलरने डोळे पुसले, तळव्याने पाटी पुसली आणि लिहिलं,

"मगे मॅच जिंकली कोणी?"