जळालेलं एरंडेल

चाकूरच्या शिवारात कुणाच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, की आधी व्यंकटीला बोलावणं जायचं. इंजिनाशेजारी उकिडवा बसून तो कान लावायचा आणि सांगायचा, "खोकतंय. छातीत काजळी धरलीय." पण लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. विहिरींचे तळ उघडे पडले आणि इंजिनं गोणपाटाखाली गेली. पाणीच नाही तर उपसायचं काय?

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नवी कचेरी, नवी कॉलेजं निघत होती. त्यातल्या एका कॉलेजात व्यंकटी रोजंदारीवर शिपाई म्हणून लागला. काम हलकं होतं, आणि तेच त्याला जड जायचं. फळा पुसायचा, भिंगं कपाटात ठेवायची, तास संपला की घंटा द्यायची. ज्याची वाट बघत शेतकरी बांधावर उभे राहायचे, त्याला आता दिवसभर कुणी काही विचारत नसे.

प्रयोगशाळा पंचशीला मॅडमकडं होती. वय सत्तावीस, बोलणं मोजकं. घराण्यात कॉलेजात शिकवणाऱ्या त्या पहिल्याच. नांदेडला शिकताना एनसीसीत त्यांनी छोटी विमानं उडवली होती. ते शिकवणाऱ्या शेषेराव सरांनी निवृत्त होताना आपलं मॉडेल हेलिकॉप्टर त्यांना देऊन टाकलं होतं. आत मुठीएवढं खरंखुरं इंजिन. पण ते पार आवळून बसलेलं. एक दिवस मॅडमनी ते सुटं करून टेबलावर ठेवलं आणि पॉलिश कागद हातात घेतला.

"थांबा मॅडम!" व्यंकटी घंटा द्यायची विसरून धावत आला. "घासू नका. आत ओरखडा पडला की दाब धरत न्हाई. मग गेलंच ते."

मॅडमनी कागद खाली ठेवला. "मामा, तुम्हाला इंजिनातलं कळतं?"

"त्याच्यावरच तर घर चाललं आजवर."

त्यानं इंजिन नाकाशी नेलं. "एरंडेल?"

"हो. स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळून चालतं हे."

"घ्या! आमी पोट साफ व्हायला घेताव, अन् त्यानं ह्याचं पोट बांधलं."

मॅडम मोठ्यानं हसल्या. त्यांना हसताना व्यंकटीनं पहिल्यांदाच पाहिलं.

जळालेल्या एरंडेलाचा थर दिसायला गुळाच्या पाकासारखा, पण दगडासारखा टणक. स्पिरिटनं सुटेना, रॉकेलनं सुटेना. धुण्याचा सोडा व्यंकटीनं आधी भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लावून बघितला. तुकडा काळा ठिक्कर पडला. "बरं झालं, इंजिनाला न्हाई लावला," तो म्हणाला.

दोन दिवसांनी आठवलं. तरुणपणी तो वर्षभर लडाखात रस्त्याच्या कामावर होता. तिथं पाणी गोठू नये म्हणून गाड्यांच्या रेडिएटरात एक हिरवं औषध घालत. एक म्हातारा मिस्त्री त्याच औषधात जळके सुटे भाग मंद तापवायचा, आणि ते नव्यासारखे निघायचे. पण लातुरात ते कुठून आणायचं? रविवारी व्यंकटीनं नांदेडची एसटी धरली. गुरुद्वाऱ्याला पंजाबातून ट्रक येतात, ते थंड मुलखातून येतात, एवढाच हिशेब.

तिसऱ्या ट्रकचा सरदारजी त्याच्याकडं बघतच राहिला. "मामा, यहाँ बर्फ कहाँ?"

"बर्फ नहीं जी. हेलिकॉप्टर का इंजन धोना है."

सरदारजी इतका हसला की बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. मग त्यानं अर्धा डबा भरून दिला, आणि वर लंगरात जेवायलाही नेलं.

घरी आल्यावर व्यंकटीनं चुलीजवळचं पातेलं उचललं. त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, त्याचा हात धरला. "त्यात आमटी करते मी!"

"आता न्हाई करायची. हे जहर हाय. गोड लागतंय, म्हणून जास्तच वाईट."

"मग पातेलं गेलंच की माझं!"

"इंजिन चाललं तर नवं घेऊ."

"अन् न्हाई चाललं तर?"

"तरीबी घेऊ."

ती बडबडत राहिली, पण अंगणात स्टोव्ह तिनंच पेटवून दिला. वाफ अंगावर येऊ नये म्हणून वारं येत होतं त्या अंगाला बसली आणि कोंबड्या हाकत राहिली. व्यंकटीनं रबराचे भाग आधीच काढून ठेवले होते. औषध उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम ठेवायचं. दोन संध्याकाळी असंच चाललं. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं चिमट्यानं सिलिंडर बाहेर काढला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं हलकेच चोळला. तळाच्या भाताची खरपुडी सुटावी तसा थर सुटला. धुवायला घरात पाणी नव्हतं. होता तो एक हंडा प्यायचा. मॅडमनी दिलेल्या स्पिरिटमध्येच त्यानं भाग खळबळले, तेल दिलं आणि बेअरिंग बोटानं फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं.

"सरजे, बघ!" तो ओरडला.

पुढच्या रविवारी मैदानावर मॅडमनी हेलिकॉप्टर दोरीनं खुंटीला बांधलं. व्यंकटीनं चाकाला पट्टा घालून हिसका दिला. पाचव्या हिसक्याला ते पेटलं. एरंडेलाचा उग्र वास सुटला, पंखा गरगरला, सुकल्या मैदानाची धूळ उठली. मॅडमनी रिमोटची कांडी हळूच वर ढकलली. हेलिकॉप्टर आधी वीतभर उठलं, मग कमरेइतकं, क्षणभर जागच्या जागी थांबलं आणि जरा तिरकं होऊन खाली बसलं.

मॅडमनी रिमोट खाली ठेवला. डोळे पुसले. "मामा, आजच सरांना पत्र लिहिते. तुमचं नाव घालून."

"पंखा डाव्या अंगाला जरा ढिला हाय," व्यंकटी म्हणाला.

नवं पातेलं आलं. पुढच्या वर्षी मॅडमनी प्राचार्यांशी भांडून शनिवारचा एक तास मिळवला आणि वेळापत्रकात लिहिलं: इंजिन, व्यंकटीमामा. सरजाबाईला वाचता येत नव्हतं. ती मुद्दाम कॉलेजात आली आणि वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "कुठंशी हाय, दावा की."

व्यंकटीनं बोट ठेवलं. तिनंही त्याच जागी आपलं बोट ठेवलं आणि अक्षरं संपेपर्यंत हळूहळू पुढं नेलं.