आबांच्या ओवीतली शिट्टी

"ताई, एक सांगा, शिट्टी आमच्याच रेकॉर्डिंगात कशी वाजती?"

बाळासाहेबांनी हेडफोन टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. "सुप्याच्या मंडळाचं बी हितंच झालं न्हवं? त्यांचं कसं काचंवानी निघालं? का आमचंच कुणी नासवतंय?"

माझं डोकं सटकलं. पण समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून मी चहा मागवला.

बारामतीत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एका खोलीत गाणारे, एका खोलीत मी, मध्ये काच. बाजूला वाद्यांसाठी एक लहान खोली. भजनी मंडळं, पोवाडे, निवडणुकीची गाणी, सगळं इथे होतं. सणसरच्या आबांचं ओव्यांचं मंडळ पहिल्यांदाच आलं होतं. आबा म्हणजे या बाळासाहेबांचे वडील. घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं, आता ऊस लावतात. देवाच्या ओव्या मात्र आबांच्या तोंडी त्यांच्या वडिलांकडून आलेल्या. कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या रेकॉर्ड करून यात्रेत देवळापुढच्या स्पीकरवर लावायच्या, असं गावाने ठरवलं होतं. सवाल-जवाबाला समोर सुप्याचं मंडळ असणार होतं. यात्रेला आठ दिवस उरले होते.

"परवापातूर शिट्टी गेली न्हाय तर आमी पुण्याला जातो," बाळासाहेब चहा पिऊन म्हणाले. "आन का गेलो, ते चार मंडळांला सांगावं लागंलच."

ही साधी धमकी नव्हती. माझ्याकडची निम्मी कामं अशा मंडळांची. 'बाई सुप्यावाल्यांना फितूर आहे, बाकीच्यांचं रेकॉर्डिंग मुद्दाम नासवते,' एवढं एकदा व्हॉट्सॲपवर फिरलं की माझ्या दाराला कुलूप. बावीस वर्षांत कमावलेलं नाव एका सेकंदाच्या शिट्टीपायी जाणार होतं.

रेकॉर्डिंगमध्ये नको ते आवाज येतातच, त्यात नवल नाही. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी दोन भिंती पार करून येतात. खुर्ची करकरते, बांगडी वाजते, उपाशी आलेल्या गाणाऱ्याच्या पोटात गुरगुरतं. एका भजनाच्या शेवटी तर पेटीवाल्याचं "झालं का? मला एसटी गाठायचीय" हे वाक्य इतकं सुरेख उमटलंय की त्या मंडळाने ते काढूच दिलं नाही.

माझी एक सवय आहे. गाणं सुरू होण्याआधी मी रेकॉर्डिंग चालू करते आणि संपल्यावर उशिरा बंद करते. गाणं एकदा म्हटलं की त्याला आम्ही 'टेक' म्हणतो. टेकच्या मागेपुढे जे खोकणं, बोलणं, भांडणं उरतं, ते कापून 'भुसा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. पुसत नाही. उद्या कोणी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणालं तर? मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता ही शिट्टी. बारीक, टोकदार, 'कुंईं' अशी. फक्त उंच ओळीवर यायची. लोक विचारतात, कॉम्प्युटरवर कापता येत नाही का? येते की. पण आवाजाला जिथे धार असते, नेमकी तिथेच ती बसली होती. ती कापली की आबा पत्र्याच्या डब्यात बसून गातायत असं वाटायचं.

मग मी सामानाच्या मागे लागले. अर्थिंग तपासलं. केबल बदलल्या. माईक बदलला. पंखा, एसी, ट्यूबलाइट बंद केली. माईकसमोर उभी राहून मीच अर्धा तास वेड्यासारखी "हॅलो हॅलो" करत बसले. शिट्टी नाही. आबा आले, उंच ओळ लागली, शिट्टी हजर.

म्हणजे खोट सामानात नव्हती, माणसात होती. आणि माणसांवर संशय घ्यायला मला फार वेळ लागत नाही.

ढोल मी लहान खोलीत ठेवला होता, कारण तो जवळ असला की गाणाऱ्याचा आवाज गिळून टाकतो. गाणाऱ्यांनी तो हेडफोनमधून ऐकायचा. आबांनी हेडफोनला साफ नकार दिला. "असलं डबं कानाला लावून देवाचं म्हणत न्हाईत," म्हणाले. पटकाही उतरवेनात. कानांवरून घट्ट बांधलेला तो पटका. सूर चढला की उजवा हात कानाशी, जसा सगळ्या ओवीवाल्यांचा जातो.

म्हणून हेडफोन घालायचे तात्या. तात्या म्हणजे आबांनी सोडलेली ओळ मागून उचलून धरणारे, त्यांचे चाळीस वर्षांचे जोडीदार. ते आबांच्या डाव्या बाजूला उभे राहून त्यांच्या पाठीवर बोटांनी ताल द्यायचे. उंच ओळ आली की आबांचं कोपर दाबायचे. मी काचेतून बघत होते. कोपर दाबलं की पुढच्या क्षणाला शिट्टी. पुन्हा दाबलं, पुन्हा शिट्टी. पाचही वेळा!

माझे कान टवकारले. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी काचेबाहेरून बटण दाबून आतल्या स्पीकरवर बोलते, "आबा, तयार?" तर उत्तर दर वेळी तात्यांचं यायचं. "तयार हायती." आबा, पाणी हवं का? "नगं त्यांला." अरे, आबांना तोंड नाही का? हा माणूस त्यांना माझ्याशी बोलूच का देत नाही?

मी तात्यांचा मोबाइल बाहेर ठेवायला लावला. शिट्टी आलीच. मग काहीतरी निमित्त काढून तात्यांनाच बाहेर बसवलं आणि आबांना एकट्याने म्हणायला सांगितलं. आबा भलत्याच जागी सुरू झाले, ताल सुटला, उंच ओळ आलीच नाही, मध्येच थांबले. पण शिट्टी? अजिबात नाही.

"हा तात्याच काहीतरी करतोय," मी बाळासाहेबांना म्हणाले. "खिशात काय आहे कोणास ठाऊक. ह्यालाच धरलं पाहिजे."

बाळासाहेबांचा चेहरा काळवंडला. "तरीच! लेक सुप्यात दिलीया त्येनं."

"आज काही बोलू नका. उद्यापर्यंत मी पुरावा काढते."

पुराव्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुसा ऐकायला बसले. आबांच्या मंडळाचा दोन दिवसांचा सगळा भुसा. खोकला, तंबाखू मळल्याचा आवाज, ढोलवाल्याचं कारखान्याच्या उसाबद्दलचं गाऱ्हाणं. एका ठिकाणी तात्या म्हणतात, "आबा, म्या च्या सांगून येतो." दार उघडल्याचा आवाज, लागल्याचा आवाज. खोलीत आबा एकटे. कापडाची सळसळ. पटका सारखा करत असावेत. आणि मग...

कुंईं.

मी तो तुकडा दहा वेळा ऐकला. तात्या खोलीत नाहीत. कोणी गात नाही. ढोल नाही. फक्त आबा, त्यांचा हात आणि पटका. ती शिट्टी अशी सुटी, रिकाम्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि ती मी ओळखली. अहो, माझ्याच घरात वाजते ती! सासूबाईंना कानाचं मशीन आहे. फोन कानाला लावला की ते अस्सं ओरडतं. मशीनमधून कानात जाणारा आवाज फोनला नाहीतर हाताला आपटून परत मशीनमध्ये शिरतो, म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला.

तात्या कोपर दाबत होते ते उंच ओळीची खूण म्हणून. खूण मिळाली की आबांचा हात कानाशी जायचा. शिट्टी त्या हाताने वाजत होती.

मी तात्यांना फोन करून एकट्यालाच बोलावलं. आले, दारातच उभे राहिले.

"तात्या, आबांच्या कानात मशीन आहे?"

"कुणी सांगितलं?"

"शिट्टीने."

ते खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इंदापूरला कानाचा कॅम्प हुता, तितं आमी दोघंच गेल्तो. घरी म्हाईत न्हाय. घरी काढूनच ठिवत्यात. पोरगं म्हणतं, म्हातारं हेकट झालंय, हाक मारली तरी बघत न्हाय."

"पण लपवायचं कशाला?"

"ताई, यात्रंत समोरचं मंडळ ओवीतनं सवाल टाकतं. म्होरं हुभा असतो त्येनं ऐकून तितल्या तितं जवाब द्यायचा. बहिऱ्याला कोण म्होरं हुभं करंल? सवाल झाला की म्या त्यांच्या हातावर खूण करतो, तोंड जवळ नेऊन सांगतो. तीन वर्षं झाली. कुणाला कळलं न्हाय."

मला गलबलून आलं. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू. "आणि माझं नाव जातंय, त्याचं काय?"

"त्ये बी खरंय," तात्या म्हणाले. "काल सांजच्याला बाळासाहेबानं घर डोक्यावर घेतलं. तात्याला मंडळातनं काढा म्हणून आबाम्होरं वरडत हुता."

माझी मान खाली गेली. मी बाळासाहेबांना एक फोन केला असता तर माझी सुटका होती. पण मग आबांची जागा गेली असती, आणि तीही माझ्या तोंडून. "तुम्हीच आबांना विचारा," मी म्हणाले. "काय करायचं ते त्यांनी सांगावं. मी कोणाला काही बोलणार नाही. पण उद्या बाळासाहेब पुण्याला निघालेत, हेही त्यांना सांगा."

दुपारी सगळं मंडळ आलं. बाळासाहेब माझ्या शेजारी बसले, हाताची घडी घालून. काचेपलीकडे आबा उभे राहिले. मी सवयीप्रमाणे रेकॉर्डिंग चालू केलेलंच होतं. आबांनी पटका सोडला, कानातलं काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि माईकजवळ आले. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं, मोठ्याने बोलले.

"लेकी, माईक तुझा चांगला हाय. शिट्टी माझ्या कानातल्या मशीनची हाय. मला ऐकाया येत न्हाय, आन म्या त्ये चोरून ठिवलं. सुप्याच्या मंडळाचा ह्यात कायबी संबंध न्हाय. आन तात्यानं काय केलं असंल, तर तीन वरसं माझी लाज राखली. बाळ्या, ऐकतूयास न्हवं? आता ढोल हितं आण माझ्याजवळ. तेवढा मला कळतो."

बाळासाहेबांच्या हाताची घडी सुटली होती. ते काचेकडे बघत होते. "मी त्यांला हेकट म्हणत हुतो, ताई," एवढंच म्हणाले. मग उठले आणि स्वतः ढोल उचलून आत घेऊन गेले.

माझी सगळी मांडामांड मी मोडली. ढोल आबांच्या पायाशी, मंडळ भोवतीने, मध्ये एक माईक. जसे ते देवळापुढे उभे राहतात तसे. ढोलाचा ठोका फरशीतून आबांच्या पायाला कळत होता. एका टेकमध्ये सगळं झालं. त्यात ढोल जरा जास्तच आलाय. असू दे.

संध्याकाळी फाइल साफ करून पाठवली. अर्ध्या तासात बाळासाहेबांचा फोन. "ताई, आबा इचारत्यात, सुरवातीचं बोलणं कुठं गेलं?"

"ते कापलं. गाण्यात बोलणं ठेवत नाहीत."

फोनमागून आबांचा आवाज आला, गावाला ऐकू जाईल असा. "परत लाव म्हणावं तिला! लोकं तिलाच नावं ठिवत्याली!"

मी परत लावलं. डोळे पुसून लावलं.

यात्रेला मीही गेले होते. देवळापुढे स्पीकर लागला आणि ओव्यांच्या आधी आबांचं बोलणं वाजलं, "लेकी, माईक तुझा चांगला हाय." सुप्याचं मंडळ तिथेच उभं होतं. कोणी हसलं नाही. त्यांचा म्होरक्या आबांच्या पाया पडला. सवाल-जवाबाच्या वेळी आबांनी आपणहून पुढची जागा तात्यांना दिली. पूर्वी आबांच्या डाव्या हाताला तात्या उभे असायचे, आता तात्यांच्या उजव्या हाताला आबा असतात. दोघे उभे तिथेच असतात.

मी तात्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आमी तरी कुठं सरळ वागलो? तुमच्या म्होरंच तुमाला फसवत हुतो की."

स्टुडिओत आता गाणारा माणूस आला की सूर-ताल विचारण्याआधी मी विचारते, "कानात काही आहे का?" तरण्या पोरांना राग येतो. येऊ दे.

आणि भुसा फोल्डरमध्ये त्या दिवसांची एक फाइल अजून आहे. माझ्या टेबलावरचा माईकही चालूच असतो, हे मी विसरले होते. त्यात माझाच आवाज आहे, स्वच्छ, काचेसारखा. "हा तात्याच काहीतरी करतोय... ह्यालाच धरलं पाहिजे." ती मी पुसलेली नाही. संशयाची खोड काही गेली नाही माझी, पण कोणाचं नाव घ्यायच्या आधी ती फाइल एकदा लावते.