कुकीला नाक

कॅनडात बर्फ पडला की शहाद्यात माझा दिवस बिघडतो. कारण बर्फ पडला की नातीच्या शाळेला सुट्टी, आणि सुट्टी मिळाली की आमच्या विहीणबाई कुकीज भाजायला घेतात.

विहीणबाई पुण्याच्या. दिवाळीपासून माझ्या लेकीच्या घरी, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, मुक्कामाला आहेत. माझं जाणं अजून ‘बघू’वरच अडलंय.

त्या दिवशी व्हिडिओ कॉल लागला. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आत विहीणबाई एप्रन बांधून, आणि माझी नात स्टुलावर उभी राहून पिठात चॉकलेटचे तुकडे पेरत होती.

“आजी, अजून टाकू?”

“टाक गं बाळा, भरपूर टाक!” मी इकडून.

ती फोनकडे वळली. “तू नाही, शहाद्याची आजी. मी आजीला विचारतेय.”

म्हणजे त्या नुसत्या आजी, आणि मी एसटीची पाटी!

फोन ठेवला आणि जाहीर केलं, “मीपण कुकीज करणार.”

आमचे हे अंगणात ऊन खात बसले होते. थंडी आमच्याकडेही कमी नव्हती, शेतातली केळीची पानं पिवळी पडली होती. “कर ना,” हे म्हणाले, “पन बरफ कोठून आनशी?”

अशा माणसाला उत्तर द्यायचं नसतं. लोणी फेटलं, साखर, मैदा घातला. चॉकलेटची वडी सुरीला दाद देईना, तेव्हा सासूबाईंच्या अडकित्त्याने कातरली. सुपारी कातरण्यात जन्म गेलेला तो अडकित्ता, बिचारा गोंधळला असेल. सवयीने वेलदोडा-जायफळही पडलं, ते कळलं तेव्हा मळून झालं होतं.

घरी ओव्हन नाही. दिवाळीत नानकटाईचं पीठ आम्ही गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर नेतो. एकाच भट्टीत दहा घरांचे पत्रे लागतात, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाची वर पिस्ता, कुणाची काट्याची रेघ. आमची मधोमध एक चारोळी. कुकीजचा पत्राही तिथेच ठेवून आले. वेडेवाकडे गोळे मुद्दाम तसेच ठेवले, विहीणबाईंचे होते तसे.

संध्याकाळी आणायला गेले तर पत्र्यावर चॉकलेट पोटात दडवलेल्या गोल गरगरीत नानकटाया, प्रत्येकीच्या डोक्यावर चारोळी.

“भाभी, आप चारोली लगाना भूल गयी थी,” भट्टीवाले चाचा म्हणाले. “गोले भी टेढ़े थे. मैंने सब ठीक कर दिया. आजकल बहुत टेंशन है क्या?”

शुक्रिया म्हणून घरी आले.

तरी कॉल लावलाच. एवढं करून दाखवायचं नाही म्हणजे काय! बशी कॅमेऱ्यापुढे धरली. लेक ओरडली, “आई, आपली चारोळीवाली! वास येतोय बघ इथपर्यंत.” नातीने मान वाकडी करून बशी न्याहाळली. मग वळून म्हणाली, “आजी, आपल्या कुकीला नाक का नाही?”

विहीणबाई हसल्या, पण जरा उशिरा. मी बशी आणखी जवळ धरली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री गुडघासुद्धा दुखला नाही.

हे सुख पुढच्या बर्फापर्यंत टिकलं. मग फोटो आला. विहीणबाईंच्या कुकीज, प्रत्येकीला मनुक्याचं नाक, आणि शेजारी हसणारी नात.

“याला नाक म्हणतात? चामखीळ आहे ती!” मी म्हटलं.

“तसंच लिखू का?” ह्यांनी फोन हातात घेतला.

“नको. ‘छान’ लिहा.”

खाली लेकीचा निरोप होता. मनुका भाजताना जळतो, म्हणून आईंनी चारोळी मागवलीये, कुरियरने पाठवशील का?

न पाठवून कसं चालेल? नातीच्या तोंडात जाणार. पण जाणार विहीणबाईंच्या हातून.

बाजारात पाड्यावरून येणाऱ्या बाईकडून सातपुड्याची चारोळी आणली. आता ताटात घेऊन निवडतेय. खवट निघालेले दाणे बाजूला काढलेत, कुरियरच्या पाकिटाशेजारीच.

“फेकी दे ते,” हे दोनदा म्हणून गेले.

फेकते. घाई काय आहे?